स्लाव्काची गुरुवारची पाळी

स्लाव्का,

नगरपालिकेतून एका बाईंचा फोन आला होता. पुस्तिका काढतायत: ‘आपलं नोवो मेस्तो उद्योगांना आणि त्यांच्या माणसांना का मानवतं’. तुम्ही इतकी वर्षं भूगोल शिकवलात, दोन पानं लिहून द्या, म्हणाल्या. काय हवंय विचारलं तर म्हणे, महामार्ग जवळ, वीज भरपूर, शिकलेली माणसं, स्वच्छ नदी. मी म्हटलं, हे तर तुमचं लिहून झालंच आहे, मग माझं काय काम? त्यावर म्हणाल्या, जरा माणसांचंही काही असू द्या.

तर मी तुझ्यावर लिहितेय. चिडू नकोस. तशीही तू चिडणारच, कारण तृश्का गोरा टेकडीवरच्या त्या द्राक्षमळ्यात राहायला गेल्यापासून प्रश्न विचारायला तुला साळुंकी पक्ष्यांशिवाय कोणी मिळत नाही. मात्र पानभर ‘तू, तू’ करत बसले तर वाचणाऱ्याला दुसऱ्याचं टपाल फोडल्यासारखं वाटेल. म्हणून इथून पुढे तू ‘ती’. माझं कुठे चुकलं तर गप्प बस. किसणीच्या पात्याचं शेवटी बोलू.

*

स्लाव्का बार्टेल ही गोर्यांत्सी डोंगराखालच्या वाडीतली. शाळा संपल्यावर ती बसने शहरात आली ती थेट कापडगिरणीत. तिथे तिला सगळे ‘चौकशीची खिडकी’ म्हणत. कोणाची गाय व्याली, कोणाच्या सासूला डॉक्टरने काय सांगितलं, नव्या फोरमनच्या बुटांना चिखल कुठला लागलाय, हे विचारल्याशिवाय तिचा घास खाली उतरत नसे. पण ऐकलेलं तिने कधी पुढे पोचवलं नाही, हेही सांगायला हवं. तिला फक्त माहीत हवं असायचं.

मग जुना देश फुटून आपला नवा देश झाला आणि गिरणी बंद पडली. शेवटच्या दिवशी माणसं गेली, साहेब गेले, यंत्रं भंगारात गेली, आणि दारं लावायचं काम स्लाव्काकडे आलं. तिने एकेक दार लावलं, किल्ल्यांचा जुडगा पिशवीत टाकला आणि परत मागायला कोणी आलं नाही म्हणून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगून ठेवला. तिचा नवरा तोने हा ट्रक चालवायचा. तो म्हणायचा, “फेकून दे ते लोखंड.” ती म्हणायची, “कोणीतरी येईल.”

यायला बरीच वर्षं लागली. तोवर तोने गेला होता, आणि स्लाव्का एका खानावळीत भांडी घासत होती. एका सकाळी डेन्मार्कहून काही माणसं रिकामी गिरणी बघायला आली. गाईंचं दूध काढायच्या यंत्रांना लागणाऱ्या छोट्या छोट्या झडपा बनवणारी कंपनी होती ती. नगरपालिकेची माणसं, बँकेची माणसं, वकील, सगळे दारापुढे उभे, आणि दार उघडेना. किल्ली कोणाकडे? कोणालाच ठाऊक नाही. समोरच्या फुटपाथवरून पाव घेऊन जाणारी एक म्हातारी थांबून म्हणाली, “किल्ल्या ना? स्लाव्काकडे असतील.”

स्लाव्का एप्रन लावलेलीच आली. दार उघडलं, आणि पाहुण्यांना विचारलं, “गाईंना दुखत नाही ना त्या यंत्राने?”

तिला तिथल्या तिथे नोकरी मिळाली.

काम कसलं? फाटकापासून डायरेक्टरच्या दारापर्यंत जे जे पडेल ते. पण खरं काम पाळ्या लावायचं. फाटकाशेजारच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता, त्यावर अडकवायचे आकडे, आणि प्रत्येक माणसाच्या नावाचा एकेक पत्र्याचा बिल्ला. सकाळची पाळी सहाला सुरू, दोनला सुटी. दुसरी दोनला सुरू. शनिवारी कोणाची द्राक्षतोडणी आहे, कोणाला डुक्कर मारायचंय, कोणाच्या पोरीचा चर्चमधला पहिला प्रसाद आहे, कोणाचं गवत कापून पडलंय आणि आभाळ भरून आलंय, हे सगळं तिच्या कानावर आधीच असायचं, कारण तिने विचारलेलं असायचं. मग ती बिल्ले हलवायची. यंत्रं कधी थांबली नाहीत आणि कोणाचं गवत कधी भिजलं नाही. एखादा अपवाद सोडला तर नोकरी सोडून जाणारा माणूस दाखवायलाही नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई फारच शहाणी. नव्हती. तिच्यात एक खोट होती. कोणी काही मागितलं की तिच्या तोंडून ‘नाही’ निघत नसे. मागणारा खूश होऊन जातो तो क्षण तिला फार आवडायचा. ही खोट पुढे नडली, ती कशी ते सांगते.

*

दहाएक वर्षांनी गिरणीचं जुनं छप्पर गळायला लागलं. डेन्मार्कमध्ये ठरलं की आता नवी इमारत बांधायची. पण ती नोवो मेस्तोतच का? ऑस्ट्रियात एक मोठं शहर बघितलं होतं, पोलंडमध्येही एक. तिन्ही ठिकाणी आठवडाभर राहून अहवाल द्यायला कंपनीने माणूस नेमला, तोर्बेन केल्गोर. उंच, वाकलेला, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरणारा.

तो यायच्या आधीच्या रविवारी स्लाव्काकडे जेवणाच्या टेबलावर गोष्ट निघाली. टेबलाशी दोघीच होत्या, स्लाव्का आणि तिची मुलगी नेझा. नेझा व्हिएन्नात इंजिनियर झाली, तिथेच नोकरीला लागली, आणि आदल्या वर्षी अचानक दोन सुटकेसी घेऊन परत आली. कंपनीच्या आराखडे विभागात तिला जागा मिळाली. आईने अख्ख्या शहराला सगळं विचारलं असेल, पण मुलीला ‘परत का आलीस’ आणि ‘राहणार का’ हे दोन प्रश्न काही तिने विचारले नाहीत. उत्तराची भीती होती, दुसरं काय!

नेझाने सूपचा चमचा खाली ठेवला. “आई, तू विचारत नाहीस, म्हणून मीच सांगते. इमारत इथे झाली तर मी राहतेय. नाही झाली तर व्हिएन्नातल्यांशी माझं बोलणं झालंय. ते परत घेतील.”

“सूप गार होतंय,” स्लाव्का म्हणाली.

“ऐकलंस ना?”

“ऐकलं. मीठ बरोबर आहे का?”

नेझा हसली. स्लाव्काने मिठाचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

*

तोर्बेन आला सोमवारी, आणि पहिल्याच दिवशी डायरेक्टर आव्सेत्स यांची पंचाईत झाली. त्यांनी पडद्यावर नकाशे, आलेख, रंगीत वर्तुळं तयार ठेवली होती. तोर्बेनने ती शांतपणे पाहिली, आणि म्हणाला, “छान. आता मला सांगा, दोन वाजता ही सगळी माणसं जातात कुठे?”

“घरी,” आव्सेत्स म्हणाले.

“आणि मग?”

आव्सेत्सनी आलेख बाजूला सारले. त्यांनी स्लाव्काला बोलावलं. तोर्बेन आणि स्लाव्का, दोघांना जर्मन बऱ्यापैकी येत होतं.

त्या दोघांची जोडी बघायला हवी होती. तो विचारायचा, “आणि मग?” ती उत्तर द्यायची आणि लगेच उलटा प्रश्न टाकायची. तुमच्याकडे आई-बाप कोणाजवळ राहतात? तुमची बायको काय करते? घटस्फोट? का? कोबी आंबवता का? नाही? मग हिवाळ्यात खाता काय? कोण कोणाला पारखायला आलंय हे आव्सेत्सना कळेनासं झालं.

दोन वाजता ती त्याला घेऊन पायी निघाली. फाटकापासून कांदिया वस्तीतल्या पुलापर्यंत काही लांब नाही, पण त्यांना पोचायला खूप वेळ लागला, कारण दर चार पावलांवर कोणीतरी थांबवायचं. दातांचे डॉक्टर खिडकीतून ओरडले, “स्लाव्का, तुमच्या कंपनीतल्या रुडीला सांग, गुरुवारी दात बघायला जमणार नाही, शुक्रवारी ये!” बँकेतली बाई सायकल थांबवून म्हणाली, “तुमच्या पाहुण्याला मश्रूम आवडतात का? मी दारात टोपली ठेवते.” पुलावरून कृका नदी वळसा घालून जाताना दिसते. तिथे कंपनीचा फोरमन पाण्यात गुडघाभर उभा राहून मासे धरत होता. त्याने लांबूनच हात केला.

“हा मघाशी यंत्रावर होता,” तोर्बेन म्हणाला.

“हो.”

“आणि आता नदीत आहे.”

“मग कुठे असायला हवा?”

तोर्बेनने विचार केला. “आमच्याकडे तो आता गाडीत असता. पुढच्या गाडीच्या मागे.”

“आणि मग?” स्लाव्काने विचारलं, आणि दोघंही हसत सुटले.

तोर्बेनला हे सगळं आवडलं होतं, पण पटलं नव्हतं. बुधवारी नाश्त्याच्या सुटीत, आंबट कोबी आणि घेवड्याच्या सारात पाव बुडवता बुडवता त्याने तिला स्पष्टच सांगितलं, “बाई, तुमची माणसं सुखात आहेत, हे दिसतंय. पण कंपनीला त्याचं काय? सुखी माणूस झडपा जास्त बनवतो का? मोठ्या शहरात एक गेला तर दहा मिळतात. तुमच्याकडे एकाच वेळी दहा गेले, तर अकरावा कुठून आणाल?”

स्लाव्का म्हणाली, “दहा एकदम कशाला जातील?”

आणि तिने त्याच्या वाडग्यात आणखी सार ओतलं. सारात घेवडा भरपूर होता.

*

आता गुरुवारचं सांगते.

टेकडीवरच्या गावाचं अग्निदल हे आपल्याकडच्या सगळ्या अग्निदलांसारखंच, गावातल्या माणसांचं, बिनपगारी. सणाला झगझगीत गणवेश, एरवी बंब पुसणं आणि त्यानंतर त्स्विचेक वाइनचा पेला. दलाचा प्रमुख रुडी मेझ्नार आपल्या कंपनीतला, आणि त्याच्या दलातले बरेच जण कंपनीतले. वसंतात रुडी तिच्या फळ्यापुढे टोपी हातात घेऊन उभा राहिला होता. “स्लाव्का, आमचा सराव होत नाही गं. मी सकाळी, तर मात्याझ दुपारी, आणि पंप सांभाळणारा तिसरीकडेच. गुरुवारी आम्हा सगळ्यांना दुपारच्या पाळीत एकत्र टाक ना. सकाळी सराव करू, आणि दोनला इथे हजर.”

नीट विचार केला असता तर कोणीही सांगितलं असतं की ज्या माणसांना भोंगा झाल्यावर धावत सुटायचं असतं, त्यांना एकाच पाळीत कधी ठेवू नये. पण रुडी खूश होऊन गेला असता. आणि तो गेलाच खूश होऊन. स्लाव्काने बिल्ले हलवले. गुरुवारची दुपारची पाळी जवळजवळ सगळीच्या सगळी अग्निदलाची झाली. उन्हाळाभर कुठे आग लागली नाही.

त्या गुरुवारी स्लाव्काला खरं तर दोनला निघायचं होतं. कांदियात धार लावणाऱ्या ह्रोवातकडे कोबी किसायच्या मोठ्या किसणीचं पातं दिलेलं होतं, ते आणायचं होतं. पण तोर्बेनला दुपारची पाळी बघायची होती, म्हणून ती थांबली. तो यंत्रांमधून फिरत होता, आव्सेत्स मागे मागे, नेझा आराखड्यांची गुंडाळी घेऊन बाजूला.

भोंगा झाला.

आधी दूर, मग टेकडीवरून, आणि पाठोपाठ सगळ्यांच्या कमरेचे पेजर एकदम किरकिरायला लागले. रुडीने मान वर केली. त्याने स्लाव्काकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. त्या एका नजरेत दोघांनाही कळलं की आपण काय करून ठेवलंय.

“जा,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ते धावले. एप्रन वाटेत टाकत, मात्याझ तर एका पायात बूट नसतानाच. गाड्या सुरू झाल्या, फाटक उघडंच राहिलं, आणि अख्ख्या शेडमध्ये यंत्रांच्या आवाजाखेरीज काही उरलं नाही. यंत्रांवरची माणसं उरली तीन, आणि त्यातलं एक नवीन.

ही यंत्रं अशी आहेत की वितळलेलं प्लास्टिक साच्यात सतत जात राहायला हवं. थांबलं की आत दगडासारखं घट्ट होतं, आणि मग ते खरवडून काढायला दिवसच्या दिवस जातात. आव्सेत्स पांढरे पडले. “हे… हे फार क्वचित होतं,” ते तोर्बेनला म्हणाले. “किंबहुना कधीच होत नाही.”

“दहा एकदम,” तोर्बेन हळूच म्हणाला.

नेझाने आराखडे खाली टाकले आणि जवळच्या यंत्राशी गेली. स्लाव्का दुसऱ्या यंत्राशी. तिला ते चालवता येत होतं थोडंफार, पण एकाच वेळी दोन नाही. खानावळीची इव्का साराची रिकामी पातेली न्यायला आली होती. ती पातेलं ठेवून म्हणाली, “मी काय करू? लवकर सांगा, मला बटाटे शिजायला लावायचेत.”

तेवढ्यात फाटकातून लोयझ आला. लोयझ इथूनच निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. पायात चिखलाचे गमबूट, हातात कांद्याच्या पातीसारखी लीकची जुडी. त्याने जुडी आव्सेत्सच्या हातात दिली, तो काय करतोय हे त्यांना कळायच्या आत, आणि तिसऱ्या यंत्राशी जाऊन उभा राहिला. “तापमान कोणी वाढवलंय इतकं?” तो ओरडला.

मग कारखान्यातलीच फ्रान्त्स्का आली, तिचे हात कोपरापर्यंत जांभळे. मग सकाळच्या पाळीचा फोरमन, ओल्या विजारीने, माशांची पिशवी फाटकाच्या खिळ्याला अडकवून. मग बँकेतल्या बाईंचा नवरा, जो पूर्वी इथे होता आणि आव्सेत्सशी भांडून गेला होता. तो आत शिरताना म्हणाला, “आव्सेत्स, तुमच्यासाठी आलो नाहीये. साच्यासाठी आलोय.”

“अहो, या ना, कशासाठीही या,” आव्सेत्स लीकची जुडी छातीशी धरून म्हणाले.

दोन यंत्रं मात्र थांबली. खोटं कशाला सांगू? ती पुढे शनिवारपर्यंत खरवडत बसावी लागली. बाकीची चालू राहिली.

तोर्बेनने कोट काढला आणि झडपा खोक्यात भरायला लागला. भरता भरता त्याची चौकशी सुरूच.

“तुम्हाला फोन कोणी केला?” त्याने लोयझला विचारलं. नेझा मध्ये उभी राहून भाषांतर करत होती.

“फोन? कोणी नाही. भोंगा झाला. म्हटलं, आज गुरुवार. गुरुवारी दुपारी रुडीची माणसं. मग यंत्रावर कोण? स्लाव्काचा घोळ आहे हा, मी वसंतातच म्हटलं होतं बायकोला.”

“मग तिला का नाही सांगितलंत?”

“सांगून काय, तिला ‘नाही’ म्हणता येत नाही.”

“आणि तुम्ही?” त्याने फ्रान्त्स्काला विचारलं.

“घरी सून आलूबुखाराचा मुरंबा करतेय. थांबले असते तर संध्याकाळपर्यंत ढवळत बसवलं असतं मला. भोंगा झाला, मी म्हटलं, देवा, उपकार झाले.”

“म्हणजे कंपनीसाठी नाही?”

फ्रान्त्स्काने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं नीट न ऐकणाऱ्या पोराकडे पाहावं. “कुठली कंपनी? मात्याझ माझ्या बहिणीचा मुलगा. त्याचं यंत्र घट्ट झालं असतं तर उद्या खरवडलं कोणी असतं? त्यानेच ना?”

संध्याकाळी रुडी आणि मंडळी परतली, काजळीने काळी झालेली. एका शेतकऱ्याचा गवत वाळवायचा मांडव जळाला होता, गुरं वाचली. त्यांनी आपापल्या यंत्रावरची माणसं पाहिली, आणि एप्रन बांधायला घेतले. लोयझ एवढंच म्हणाला, “बूट सापडला का रे मात्याझ?”

स्लाव्काला मात्र गप्प राहवेना. ती तोर्बेनपुढे जाऊन उभी राहिली. “हे माझ्यामुळे झालं. मीच त्यांना एका पाळीत टाकलं. लिहायचं असेल तर माझं नाव लिहा. पोरांनी काही केलेलं नाही.”

“का टाकलंत?”

“त्यांनी मागितलं.”

“आणि मग?”

“आणि मग काही नाही. मला लोकांना हो म्हणायला आवडतं.”

तोर्बेनने चष्मा शोधला, कपाळावर सापडला, डोळ्यांवर लावला. आणि पुन्हा खोक्यांकडे वळला. ती घरी गेली तेव्हा ह्रोवातचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. अंगाला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. नेझा म्हणाली, आंघोळ कर. नेझाने रागाचा एक शब्द काढला नाही, त्यामुळे स्लाव्काला जास्तच वाईट वाटलं. सुटकेसी कपाटावर होत्या. तिने त्या दिवसांत कितीदा तरी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं असेल.

*

निर्णय आला संत मार्टिनच्या सणाच्या आसपास, द्राक्षरसाची दारू होते त्या दिवसांत. इमारत नोवो मेस्तोतच होणार. नव्या रस्त्यालगत, जुन्या गिरणीपासून हाकेवर. सोबतच्या चिठ्ठीत तोर्बेनची अट एकच, की एका पाळीत अग्निदलाचे तिघांहून जास्त नकोत.

आव्सेत्सनी अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. महामार्ग जवळ. वीज भरपूर. शिकलेली माणसं. स्वच्छ नदी. लोयझचं नाव नाही, फ्रान्त्स्काचं नाही, भोंग्याचं तर नाहीच.

स्लाव्काला हे सहन होईना. तिने सरळ डेन्मार्कला फोन लावला.

“तोर्बेन, हे काय लिहिलंय तुम्ही? हे तर आव्सेत्सच्या आलेखातलंच आहे.”

पलीकडून तो हसला. “बाई, चिखलाचे बूट घालून म्हातारा आला, हातात भाजी होती, असं लिहिलं तर मला वेड्यात काढतील. वरिष्ठांना जे वाचता येतं ते लिहिलं.”

“आणि मग? तुम्ही ठरवलंत कशावरून?”

“तुम्हाला माहीत आहे कशावरून.”

“मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“तिन्ही शहरांत मी एकच प्रश्न विचारला होता, अकरावा कुठून आणाल? दोन ठिकाणी मला एजन्सीचा नंबर मिळाला. तुमच्याकडे तो स्वतःच आला, आणि मला तापमान वाढवलंय म्हणून रागावला.” मग म्हणाला, “पण ती पाळी मोडा हं. पुन्हा तसं केलंत तर माझी नोकरी जाईल.”

स्लाव्काने बिल्ले हलवले. आयुष्यात पहिल्यांदा रुडीला ‘नाही’ म्हणाली. रुडी इतका रुसला की ईस्टर येईपर्यंत रस्त्यात भेटला तरी टोपीला हात लावत नव्हता. अग्निदलाच्या वार्षिक जेवणाला तिला दारापाशी बसवलं, वाऱ्याच्या झोतात. तिने मुकाट्याने जेवून घेतलं, आणि शेजारच्याला विचारलं की आचारी नवीन आहे का, कुठला, लग्न झालंय का.

निर्णय आला त्या संध्याकाळी नेझाने सुटकेसी कपाटावरून काढल्या. स्लाव्का दारात उभी राहिली.

“तळघरात ठेवते,” नेझा म्हणाली. “वर धूळ बसते.”

तेव्हा कुठे स्लाव्काच्या तोंडून तो प्रश्न निघाला. “तू व्हिएन्नाहून परत का आलीस गं?”

“आठवलं का एकदाचं विचारायचं!”

“सांग ना.”

“तिथल्या डब्यातला कोबी आंबट नसतो.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतेय. उरलेलं दुसऱ्या कुणाला विचार. तुला सगळे सांगतात.”

आणि स्लाव्का, जिला आयुष्यभर अर्धवट उत्तर चाललं नाही, ती तेवढ्यावर एक सुटकेस उचलून तळघराकडे निघाली.

*

तर झालं. नगरपालिकेच्या बाई यातलं किती छापतील कोण जाणे. बहुधा नदीचं तेवढं ठेवतील.

आता पात्याचं. स्लाव्का, ते पातं त्या गुरुवारच्याही आधीपासून ह्रोवातकडे आहे. किसणी आपल्या दोघींची, अर्धी तुझी अर्धी माझी, आणि पातं द्यायला गेले होते मी, म्हणजे आणायची पाळी तुझी होती. शुक्रवारी तू म्हणालीस, सोमवारी. सोमवारी खरवडलेल्या यंत्रांचं निमित्त झालं. मग निर्णयाचं. मग बर्फाचं. त्या वर्षी आपण तिघींनी कोबी सुरीने चिरला. नेझाने बोट कापून घेतलं, आणि तू म्हणालीस, उद्या नक्की. त्यानंतर मी दोनदा त्या दारावरून गेले आणि आत गेले नाही, कारण पाळी तुझी होती.

गेल्या महिन्यात कांदियातून जात होते. दुकानाला कुलूप. शेजारच्या न्हाव्याने सांगितलं, ह्रोवात लेकीकडे क्रानला राहायला गेला, कायमचा. काचेतून आत पाहिलं. भिंतीला अजून पाती लावलेली आहेत, आपलं डावीकडून तिसरं असावं. किल्ली कोणाकडे विचारलं, तर न्हावी म्हणाला, माहीत नाही, स्लाव्काला विचारा.

कोबी यायला लागलाय बाजारात. पाळी अजून तुझीच आहे.